मागे घेतलेला पेपर: ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका फ्लू लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मी अगदी जवळून बघितलंय, तेव्हा मी त्याच लॅबमध्ये ज्युनियर होते. लॅबचं, हॉस्पिटलांचं, माणसांचं नाव देणार नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, पण जे घडलं ते याच क्रमाने घडलं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणते. लिहायच्या आधी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या लिही, पण माझी बाजू घेऊन लिहू नकोस.

मॅडम मूळच्या कळव्याच्या. पीएचडी मुंबईत, विषय बॅक्टेरियाचा, फ्लूशी काही देणंघेणं नव्हतं. मग २००९ आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला आणि आठवड्याभरात लोकलमध्ये निम्मे लोक तोंडाला रुमाल बांधून, कोणाच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी, कोणी पाच मिनिटांनी ती हुंगतंय. घरी आई विचारायची की अगं एवढी शिकतेस ना तू, मग हा ताप नक्की कसला ते सांग की. त्यांच्या घरात मानमोडीची गोष्ट चालत आलेली होती, म्हणजे १९१८ ची साथ, जिच्यात आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, पणजीच्या माहेरची तीन माणसं एका आठवड्यात गेलेली. मॅडमना आईला धड उत्तर देता आलं नाही आणि ते त्यांच्या मनात राहिलं. पीएचडी संपल्यावर दोन वर्षं परदेशात फक्त फ्लूवर काम केलं आणि २०१४ ला परत आल्या.

इकडे त्यांना तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर लॅब मिळाली. पर्मनंट पोस्ट नाही, कॉन्ट्रॅक्ट. काम असं की ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथल्या ओपीडींमधून ताप-खोकल्याच्या पेशंटचे घशाचे स्वॅब घ्यायचे, त्यातले फ्लूचे व्हायरस वाढवायचे आणि बघायचं की त्या वर्षीच्या लसीतल्या स्ट्रेनशी ते कितपत जुळतात. थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो, आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मोठी लाट पावसाळ्यात असते, जून ते सप्टेंबर. त्यामुळे आमचा सगळा सीझन चिखलात जायचा, सॅम्पल आणणारा दादा ऐरोलीहून थर्माकोलचा डबा रेनकोटच्या आत धरून बाइकवर यायचा आणि स्वतः निथळत असताना पहिलं डब्याचं झाकण पुसायचा.

जुळतंय की नाही हे कसं बघतात ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. फ्लूच्या व्हायरसच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन असतं, एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराच्या नावातला एच तो. हे प्रोटीन लाल रक्तपेशींना धरून त्यांची जाळी करतं. प्लेटच्या खळग्यात जाळी झाली तर तळाला पसरट गुलाबी चादर दिसते, नाही झाली तर पेशी तळाला जाऊन लाल बटण बसतं. आता लसीच्या स्ट्रेनविरुद्धचं सीरम, म्हणजे त्या स्ट्रेनला अडवणाऱ्या अँटिबॉडी असलेलं रक्तातलं पाणी, आधी घातलं आणि त्याने व्हायरसला अडवलं तर बटण, नाही अडवलं तर चादर. सीरम दर खळग्यात निम्मं पातळ करत जायचं आणि कुठपर्यंत बटण बसतं ते बघायचं. चार पटीपर्यंत फरक असला तर सहसा जुळतोय म्हणतात, आठ पट म्हणजे तीन खळग्यांचा फरक पडला की कान टवकारायचे. व्हायरस माणसात फिरता फिरता थोडाथोडा बदलतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि आम्ही तोच शोधत होतो.

अडचण कुठे सुरू झाली

कोरोनाच्या आधीचा एक पावसाळा. आमच्या एमडीसीके पेशींच्या, म्हणजे कुत्र्याच्या किडनीपासून बनलेल्या ज्या पेशींमध्ये आम्ही व्हायरस वाढवायचो त्यांच्या, सगळ्या फ्लास्कमध्ये मायकोप्लाझ्मा नावाचा बारीक बॅक्टेरिया शिरला. ज्यांनी सेल कल्चर केलंय त्यांना माहितीये हे काय दुखणं असतं, सगळं फेकून पहिल्यापासून सुरू करायचं. प्रोजेक्टचा रिपोर्ट डिसेंबरमध्ये द्यायचा होता, त्यावर पुढचे पैसे अवलंबून. मॅडमनी ठरवलं की या वर्षी अंड्यांवर काम करू.

हा पहिला निर्णय, आणि तेव्हा त्यात काही चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही, कारण फ्लूची बहुतेक लस आजही कोंबडीच्या अंड्यातच वाढवतात. दहा दिवसांची गर्भ असलेली अंडी ट्रेमधून यायची. काळा पडदा लावलेल्या खोलीत दिव्यावर अंडं धरलं की आत रक्तवाहिन्यांची जाळी दिसते आणि पिल्लू हललेलं कळतं, तेवढीच घ्यायची, वर पेन्सिलने खूण, बारीक भोक, सुईने स्वॅबचं पाणी आत, वितळलेल्या मेणाने भोक बंद, दोन-तीन दिवस इन्क्युबेटर. मग एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून आतलं पाणी काढायचं. पहिल्यांदा काही आलं नाही तर तेच पाणी पुन्हा नव्या अंड्यात. एच३एन२ अंड्यात नीट वाढत नाही, म्हणून आम्ही तीन-तीनदा केलं, आणि शेवटी सहा व्हायरस वाढले.

सहाही व्हायरस लसीच्या सीरमला दाद देत नव्हते. आठ पट, दोघांत तर सोळा पट फरक. सीक्वेन्स केला, म्हणजे जीनची अक्षरं वाचली, तर सहापैकी सहांत हिमॅग्लुटिनिनच्या १९४ नंबरच्या जागी ल्युसिनच्या ऐवजी प्रोलिन (दोन्ही अमिनो ॲसिड, प्रोटीनच्या माळेतले मणी), आणि ही जागा व्हायरस पेशीला जिथे चिकटतो बरोबर तिथली. लॅबमध्ये त्या दिवशी पेढे आणले. आपल्या भागात फिरणारा वेगळा एच३एन२ सापडला असं सगळ्यांना वाटलं. पेपर लिहिला, छापून आला. ठाण्यात डॉक्टरांच्या एका मीटिंगमध्ये मॅडमनी त्यावर भाषण दिलं.

इथे एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही बघितली नाही. अलीकडचे एच३एन२ कोंबडीच्या रक्तपेशींना धड चिकटत नाहीत, म्हणून टेस्टला गिनीपिगच्या रक्तपेशी वापराव्या लागतात. आमचे सहा मात्र कोंबडीच्या पेशींनाही मस्त चिकटत होते. आम्ही खूश झालो की टेस्ट स्वच्छ येतेय. खरं तर तिथेच थांबून विचारायला हवं होतं की माणसाच्या घशातून आलेल्या व्हायरसला कोंबडी एवढी का आवडायला लागली.

कारण साधं आहे. व्हायरस पेशीवरच्या सियालिक ॲसिड नावाच्या साखरेला धरतो. माणसाच्या नाका-घशात ही साखर एका पद्धतीने जोडलेली असते, अंड्याच्या ज्या पोकळीत आपण व्हायरस सोडतो तिथे वेगळ्या पद्धतीने. मग अंड्यात राहायचं तर व्हायरसला आपली पकड बदलावी लागते, आणि जो बदलतो तोच वाढतो. १९४ ला प्रोलिन येणं हा अशा बदलांपैकी ओळखीचा बदल आहे. २०१२-१३ च्या सीझनमध्ये कॅनडात लस कमी पडली तेव्हा तिथल्या संशोधकांनी दाखवलं होतं की फिरणारा व्हायरस बदललाच नव्हता, लसीचा स्ट्रेनच अंड्यात बदलला होता. हे मॅडमना पाठ होतं, आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. तरी स्वतःचा डेटा समोर आला तेव्हा ते आठवलं नाही. या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

कसं कळलं

माझ्या थीसिससाठी मला बघायचं होतं की स्वॅबमधूनच, व्हायरस न वाढवता, हिमॅग्लुटिनिनचा जीन थेट वाचता येतो का. व्हायरस भरपूर असलेला स्वॅब हवा म्हणून मी फ्रीजरमधून त्या सहांतल्याच एका पेशंटचा मूळ स्वॅब घेतला, काही शंका होती म्हणून नाही, नळी हाताशी होती म्हणून.

संध्याकाळी फाइल आली. सीक्वेन्सिंगच्या आलेखात प्रत्येक अक्षराचा रंग ठरलेला असतो, टी लाल, सी निळा. जीनमधल्या तीन अक्षरांनी एक अमिनो ॲसिड ठरतं, आणि १९४ च्या जागेचं मधलं अक्षर टी असेल तर ल्युसिन, सी असेल तर प्रोलिन. पेपरप्रमाणे ते निळं हवं होतं. तिथे लाल शिखर होतं, उंच, स्वच्छ, खाली निळ्याची सावलीसुद्धा नाही. मी आधी समजले माझ्याकडून नळी बदलली. लेबल बघितलं, रजिस्टर बघितलं, पुन्हा लेबल बघितलं. मग मॅडमच्या केबिनपाशी जाऊन म्हटलं, "मॅडम, जरा येता का."

त्या उभ्यानेच बघत राहिल्या, बराच वेळ. मग एकच विचारलं, "मूळ स्वॅब अजून किती शिल्लक आहेत?"

चार. सहांतले दोन आदल्या वर्षी फ्रीजर भरला म्हणून साफसफाई निघाली त्यात गेले होते, कारण व्हायरस वाढलाय ना मग स्वॅब कशाला ठेवायचा असाच विचार तेव्हा होता. पुढच्या चार दिवसांत उरलेल्या तिन्हींचं मी केलं. चारही लाल. म्हणजे पेशंटच्या घशात ल्युसिनच होतं, प्रोलिन आमच्या अंड्यांनी दिलेलं. ठाण्यात वेगळा व्हायरस फिरत असल्याचा आमच्याकडे काही पुरावा नव्हता.

समोर काय पर्याय होते

तीन आठवड्यांवर मॅडमचा पर्मनंट पोस्टचा इंटरव्ह्यू होता. पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढलेली, वय चाळिशीला टेकलेलं, त्यानंतर वयोमर्यादेत बसेल अशी जागा कधी निघेल याचा भरवसा नाही. आणि अर्जात सगळ्यात वर हाच पेपर.

एक पर्याय होता काहीच न करणं. तो कोणी तोंडाने बोललं नाही पण खोलीत तो होता.

दुसरा पर्याय पेपरवरच्या सीनियर सरांनी मांडला, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "हे बघा, डेटा खोटा नाही. अंड्यातल्या व्हायरसमध्ये तो बदल होताच, सीरमचा फरकही खराच आहे. चुकलाय तो अर्थ. पुढच्या पेपरमध्ये नीट लिहू, फार तर एक दुरुस्ती छापू. मागे घेतला की लोक कारण वाचत नाहीत, मागे घेतला एवढंच वाचतात." यातलं शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं आहे.

तिसरा पर्याय, इंटरव्ह्यू होऊ द्यायचा आणि मग मागे घ्यायचा. तपासून बघायला तेवढा वेळ लागतोच असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदी खोटंही ठरलं नसतं.

चौथा, लगेच मागे घ्यायचा आणि सगळ्यांना सांगायचं.

मॅडमचा कौल ज्या गोष्टीने ठरला ती लॅबच्या बाहेरची होती. त्या मीटिंगमध्ये भाषण ऐकलेले ठाण्यातले एक वयस्कर फिजिशियन, त्यांचा त्याच आठवड्यात फोन आला दुसऱ्याच कामासाठी, आणि बोलता बोलता म्हणाले की तुमचं ऐकल्यापासून मी माझ्या डायबेटीसच्या, दम्याच्या म्हाताऱ्या पेशंटना फ्लूची लस सांगायचं बंदच केलंय, उगाच दीड-दोन हजार कशाला घालवा. फोन स्पीकरवर होता. ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, "दुरुस्तीने हे दुरुस्त होत नाही."

मलाही तेच वाटतं. पेपरच्या शीर्षकातच 'फिरणारा' असा शब्द होता. शीर्षकच खरं नसेल तर आतल्या ओळी नीट करून काय उपयोग.

काय केलं

आधी खात्री. चार स्वॅब पुरेसे नव्हते, तेच व्हायरस माणसासारखी साखर जास्त असलेल्या पेशींत वाढवून टेस्ट पुन्हा करायची होती. त्या पेशी, एमडीसीके-सियाट, पुण्याच्या एका लॅबने द्यायचं कबूल केलं. मॅडम स्वतः सकाळच्या इंद्रायणीने गेल्या आणि त्याच दिवशी परत आल्या, फ्लास्क मीडियमने गळ्यापर्यंत भरून, तोंडाला पॅराफिल्म गुंडाळून, थर्माकोलच्या डब्यात घालून डबा अख्खा प्रवास मांडीवर. त्या पेशींत चारपैकी तीन वाढले. आता सीरमचा फरक दोन पट. म्हणजे जुळत होते.

त्याच दिवशी सगळ्या सहलेखकांना मेल गेली, दुसऱ्या दिवशी संपादकांना, पेपर मागे घेतोय आणि का घेतोय ते आकड्यांसकट. सीक्वेन्सच्या डेटाबेसमध्ये आमच्या सहा नोंदींपुढे 'अंड्यात तीनदा वाढवलेला' असं स्पष्ट नव्हतं, तेही घालून घेतलं, कारण दुसरा कोणीतरी त्याच नोंदी घेऊन पुढचं काहीतरी बांधत बसला असता.

मग त्या फिजिशियनना फोन. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सर, माझं चुकलं होतं. व्हायरस जुळतोय. लस द्या." पलीकडे जरा वेळ शांतता, मग ते म्हणाले, "बरं झालं बाई सांगितलंत. पण आता पेशंटना मी काय सांगू?" मॅडम म्हणाल्या, "माझं नाव घेऊन सांगा." त्या मीटिंगच्या आयोजकांनाही त्यांनी पत्र पाठवलं आणि पुढच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं मागून घेतली.

इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्या पेपरवरच आला. मॅडमनी सांगितलं तो मागे घेतलाय, आणि का. हे त्यांनी आपणहून आधी कळवायला हवं होतं की विचारल्यावर सांगितलं ते ठीक, यावर आमच्यात नंतर पुष्कळ वाद झाला. माझं मत, अर्ज बदलून आधीच पाठवायला हवा होता.

पुढे काय झालं

पोस्ट मिळाली नाही. कारण कोणी सांगत नसतं, त्यामुळे पेपरमुळेच गेली असं मी लिहिणार नाही. प्रोजेक्ट तीन वर्षांच्या ऐवजी एक वर्ष वाढला. ज्या सहकाऱ्याच्या थीसिसचा एक अख्खा चॅप्टर त्या सहा व्हायरसवर होता त्याला तो काढून नवीन काम करावं लागलं, आठ महिने जास्त लागले, त्याचं लग्न पुढे गेलं. तो चिडला होता, आणि चिडायचा त्याला हक्क होता, कारण त्याला ही बातमी मॅडमकडून नाही तर सहलेखकांच्या मेलमधून कळली.

मग त्याच चुकीतून पुढचं काम निघालं. एकाच पेशंटचा मूळ स्वॅब, पेशींत वाढवलेला व्हायरस आणि अंड्यात वाढवलेला व्हायरस, अशा तिघांच्या जोड्या लावून कुठल्या अंड्यात कितव्या फेरीत काय बदलतं हे मॅडमनी मांडलं. पहिल्या पेपरएवढा गाजावाजा झाला नाही, पण दुसऱ्या लॅबची मुलं अजून त्याबद्दल मेल करून विचारतात.

मार्च २०२० पासून सगळी लॅब कोरोनाच्या आरटी-पीसीआरवर गेली, दीड वर्ष फ्लू जवळपास दिसलाच नाही. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या वंचक बगळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला तेव्हा घोडबंदरकडच्या एका सोसायटीतले गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत मेलेला कावळा घेऊन थेट आमच्या गेटवर. एच५, म्हणजे बर्ड फ्लूचा व्हायरस, मिळाला असता तर लॅबचं नाव झालं असतं हे आम्हा सगळ्यांच्या मनात येऊन गेलं. मॅडमनी पिशवी उघडू दिली नाही, आपल्याकडे त्याची परवानगीही नाही आणि तशी लॅबही नाही, असे नमुने पशुसंवर्धन खात्यामार्फत भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबला जातात. त्यांनी खात्याला फोन लावला, त्या गृहस्थांचे हात साबणाने धुवून घेतले आणि खात्याची माणसं येईपर्यंत त्यांना बाहेर खुर्ची दिली.

२०२२ ला त्यांना दुसऱ्या संस्थेत पर्मनंट जागा मिळाली, वयात सूट होती म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्तातला उपाय सगळ्यात आधीचा होता, स्वॅब अंड्यात घालायच्या आधी त्याचा थोडा भाग वाचून ठेवायचा. सहा सॅम्पलला फार खर्च आला नसता. आणि मूळ स्वॅब फेकायचाच नाही, फ्रीजर भरला तर वाढवलेला व्हायरस कमी करा, तो पुन्हा वाढवता येतो, पेशंटचा त्या दिवशीचा घसा पुन्हा मिळत नाही.

पेशी खराब झाल्या तेव्हा रिपोर्टमध्ये सरळ लिहायला हवं होतं की या वर्षी काम झालं नाही. मॅडम आज म्हणतात की त्यांची खरी चूक अंड्यांची नव्हती, डिसेंबरची होती. मी पूर्ण सहमत नाही. घाई तर प्रत्येक लॅबमध्ये असते, पण सहापैकी सहा व्हायरसमध्ये एकच बदल एवढं सुबक उत्तर आलं तेव्हा पेढे आणायच्या आधी एकाने तरी, आणि त्यात मीही आले, हे आपणच तर केलं नाही ना असं विचारायला हवं होतं. लसीबद्दल डॉक्टरांसमोर बोलायची घाई करायलाच नको होती, दुसऱ्या लॅबने तपासेपर्यंत थांबता आलं असतं. आणि ज्या मुलाची दोन वर्षं त्यात होती त्याला मेल जायच्या आधी समोर बसवून सांगायला हवं होतं. मॅडमनी त्याची माफी नंतर मागितली, पण नंतर.

आता त्यांच्या नव्या लॅबमध्ये प्रत्येक स्वॅबच्या दोन नळ्या होतात, एक कामाची आणि एक लाल झाकणाची, जी उघडायला रजिस्टरमध्ये दोन सह्या लागतात. जुन्या लॅबमधून त्यांनी रीतसर परवानगी घेऊन जे थोडे डबे नेले त्यात २०१८ चे इन्फ्लुएंझा बी, म्हणजे फ्लूचाच दुसरा प्रकार, त्यातल्या यामागाटा वंशाचे काही मूळ स्वॅब आहेत. हा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, आणि सप्टेंबर २०२३ पासून डब्ल्यूएचओ लसीत तो घालायची गरज नाही असं सांगतंय. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा एक नवीन मुलगी त्यातला एक स्वॅब अंड्यात वाढवायची परवानगी मागत होती. मॅडमनी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणाल्या, "आधी वाच. मग बघू वाढवायचा की नाही."